भूकंपाचा दात

भूकंपानंतर लातूरकडे एक रीत पडून गेली होती. नवा माणूस भेटला की आधी नाव, मग गाव, आणि तिसरा प्रश्न ठरलेला: "तुमचं काय गेलं?" कुणाचं घर गेलेलं असे, कुणाची जनावरं, कुणाचं अख्खं कुटुंब. मोहियोद्दीन मास्तर या प्रश्नाला वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आला. "काय न्हाई. अल्लाची मेहेरबानी." हे सांगताना तो वरचा ओठ जरा खाली ओढून घ्यायचा, कारण ओठामागे जे गेलं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. त्याचा समोरचा एक दात गेला होता. म्हणजे तसा गेलाही नव्हता, जागेवरच उभा होता. आतून मेला होता एवढंच, आणि ही गोष्ट खुद्द मास्तरलाही ठाऊक नव्हती.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. लातुरातल्या 'न्यू शाही ब्रास बँड'चा तो मालक, आणि पुढे उभा राहून क्लॅरोनेट वाजवणारा. जुना शाही बँड कधी कुठे होता, हे त्याला विचारून उपयोग नव्हता. पाटी रंगवणाऱ्याने 'न्यू' हा शब्द फुकट लिहून दिला आणि फुकट मिळालेलं परत करायचं नाही हा मास्तरचा बाणा. वडिलांनी त्याला कोवळ्या वयात शिवणकामाला बसवलं होतं. तिथे त्याने एका पाटलाच्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडल्या, तेव्हा उस्तादच म्हणाले, "बेटा, तू काहीतरी फुंकायचं काम बघ." हा किस्सा मास्तर स्वतःच सांगायचा आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतःच हसायचा.

भूकंपाच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. बँड किल्लारीकडच्या एका गावात विसर्जनाला गेला होता. गुलालाने लाल होऊन सगळे टेंपोतून लातूरला परतले आणि आडवे झाले. पहाटे जमीन हलली. मास्तर ताडकन उठला, उशाशी ठेवलेलं क्लॅरोनेट छातीशी धरलं आणि दाराकडे पळाला. ज्या घरात तो जन्मला त्या घराचं दार आत उघडतं, हे तो नेमकं त्या घटकेला विसरला. त्याने दाराला धडक मारली, तीही तोंडाने. मागून रहमतबी, त्याची बायको, कडेवर लेकरू घेऊन आली. तिने नवऱ्याला बाजूला सारलं, कडी काढली, दार आत ओढलं आणि बाहेर पडली. गल्लीत सगळे जमल्यावर तिने तोंडाला पदर लावून जाहीर केलं, "इनको क्लॅरोनेट याद आया, मय नै याद आई!" त्याही परिस्थितीत गल्ली हसली.

मग उजाडलं, रेडिओवर गावांची नावं यायला लागली आणि हसणं थांबलं. त्या नावांत काल वाजवलेलं गावही होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर बँडच्याच टेंपोतून भाकरीची गाठोडी घेऊन तिकडे गेला. तिथे त्याने जे पाहिलं ते तो कुणाला सांगत नाही, आणि आपणही त्याला विचारायला नको. गावाबाहेर तंबूत दवाखाना उघडला होता. मास्तरचा ओठ टम्म सुजलेला, दात हलत होता, हिरडीतून रक्त येत होतं. बँडचा ढोल वाजवणारा मलप्पा, उदगीरकडचा हाडापेराने दांडगा माणूस, त्याने त्याला ढकलतच रांगेत नेऊन उभं केलं. पुढे एक माणूस होता, खांद्यावर चारेक वर्षांची पोर, तिचा हात फळीला बांधलेला. टेबलामागची बाई प्रत्येकाला विचारत होती, काय झालं, घरातलं कोण गेलं. त्या माणसाने कोरड्या आवाजात सांगितलं, "हिची माय. ल्योक. आन् माझी आई."

आता आपला नंबर. बाई विचारणार, काय झालं. आणि आपण काय सांगणार? 'दात हलतोय. दार आत उघडतं ते विसरलो'? मास्तरला स्वतःची इतकी शरम वाटली की तो तोंडावर हात धरून तसाच रांगेतून निघाला आणि टेंपोच्या मागे जाऊन बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं. ओठाच्या ठणक्याने म्हणावं तर ठणका कालपासूनच होता.

एवढ्या मोठ्या मयतीत ठेच लागली म्हणून कुणी ओरडतं का? मास्तर ओरडला नाही. महिनाभर लवंग दातापाशी धरून, मिठाच्या पाण्याने गुळण्या करून त्याने दिवस काढले. पुढे मुखेडच्या आठवडी बाजारात एकाने चादर अंथरून बाटल्या मांडल्या होत्या, त्याच्याकडून त्याने काळं तेल आणून दाताला चोळलं. चारच दिवसांत ठणका बंद! मास्तर खूश. त्याने त्या तेलाची अशी जाहिरात केली की अर्ध्या लातूरने दातदुखीला मुखेडची एस.टी. धरली. ज्यांना गुण आला नाही त्यांना तो म्हणायचा, "तुमचा विश्वास कमी पडला."

दिवस पालटले. लातुरात जिकडेतिकडे क्लास उघडले. आसपासच्या जिल्ह्यांतली पोरं पाठीवर दप्तर आणि डोक्यावर आईबापाची स्वप्नं घेऊन इथे राहायला आली. घराघरांत कॉट टाकून होस्टेलं झाली, बायकांनी खानावळी काढल्या. मास्तरचंही भलं झालं. पूर्वी लग्नसराई आणि गणपती एवढाच धंदा होता, आता जूनमध्ये निकाल लागला की क्लासवाले पहिल्या आलेल्या पोरांच्या मिरवणुका काढत. घोड्यावर बसलेला नवरदेव आणि घोड्यावर बसलेला गुणवंत विद्यार्थी हे दोघे सारखेच घाबरलेले असतात, असं मास्तरचं निरीक्षण होतं. फरक इतकाच की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर थोडी समज असते.

इकडे दात हळूहळू काळपट पडत गेला, उतू गेलेल्या चहाच्या रंगाचा झाला. वरच्या हिरडीवर अधूनमधून एक पुळी यायची, फुटायची, तोंडात घाण चव उतरायची आणि बरं वाटायचं. मास्तर रोज सकाळी आरशात ओठ उचलून ती पुळी अंगठ्याने दाबायचा. दुखत नाही ना, मग झालं, असा त्याचा हिशेब.

पण क्लॅरोनेट काही त्याचा हिशेब मानेना. ते वाजवताना खालच्या ओठावर वेताची पातळ पत्ती टेकते आणि वरचे दोन दात तोंडात धरलेल्या भागावर घट्ट रोवावे लागतात. सगळा भार त्या दोघांवर. त्यातला एक दाबला की आता नाकापर्यंत कळ जायला लागली. मास्तरने तोडगा काढला. क्लॅरोनेट उजव्या सुळ्याखाली सरकवलं आणि मान वाकडी करून वाजवू लागला. कळ गेली, पण सूरही थोडा वाकडा झाला. नायगावच्या एका लग्नात दुसऱ्या बँडच्या तरुण वादकाने ते बघितलं आणि पुढच्या मोसमात त्यानेही मान वाकडी केली. मग आणखी दोघांनी केली. 'मोहियोद्दीन मास्तरची स्टाइल' म्हणून ती गाजायला लागली. मास्तरने कुणालाच खरं सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपली नक्कल होत होती, आणि ती एका काळ्या दातापायी, हे सांगायचं कुणाला?

असं चालू असताना एका जूनमध्ये लक्ष्मणराव त्याच्या दारात उभे राहिले. मास्तरने त्यांना बघताक्षणी ओळखलं. खांद्यावर पोर घेऊन रांगेत पुढे उभा असलेला तो माणूस. केस पिकले होते, पण आवाज तसाच कोरडा होता.

"मास्तर, आमची गीतांजली डॉक्टरकीला लागली. नांदेडच्या कॉलेजात," ते म्हणाले. "क्लासवाले म्हणले आमी मिरवणूक काढतो. म्या म्हणलं, मिरवणूक गावात निघंल. पोरं डीजे आणू म्हणून राहिली. पर मला तुम्हीच पाहिजे."

"आमीच का पण?" मास्तरने विचारलं.

"ते मागनं सांगतो. तुम्ही सोता वाजवायचं, एवढंच."

मास्तरला वाटलं, कारण उघड आहे. त्या गावातलं शेवटचं विसर्जन आपण वाजवलं होतं. त्या संध्याकाळी गावकऱ्यांनी एका भजनाची चाल पुन्हा पुन्हा वाजवून घेतली होती. ती चाल मास्तरने त्यानंतर एकदाही वाजवली नव्हती. आता ती वाजवावी लागणार, आणि वाकड्या मानेने ती वाजवायची नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी त्याने क्लॅरोनेट सरळ धरलं, दात रोवले आणि जोर लावून सराव केला. तिसऱ्या दिवशी नाकापासून ओठापर्यंत चेहरा असा सुजला की एक डोळा अर्धा मिटला.

मलप्पाने त्याला बघितलं आणि हळूच म्हणाला, "मास्तर, नांदेडहून दुसरा वादक बोलावू का? तुम्ही झांजा धरा."

झांजा! ज्याला काहीच वाजवता येत नाही त्याच्या हातात मास्तर आजवर झांजा देत आला होता. त्या रात्री तो जेवलाही नाही, आणि रहमतबीला कळलं की आता हसायची वेळ संपली. सकाळी तिने त्याला रिक्षात घातलं आणि दातांच्या दवाखान्यात नेलं.

वाटेत मास्तर एकच म्हणत होता, "उपटणार. दाताचा डॉक्टर दुसरं काय करतो?" दात गेला की कवळी, कवळीवर क्लॅरोनेट ठेवलं की कवळी घशात.

डॉक्टरीण महानंदा बिरादार, बोलायला सडेतोड बाई. त्यांनी ओठ उचलून पुळी बघितली. "कधीपासून?"

"पहिल्यांदी लई दुखला होता. मग मुखेडच्या तेलानं बरा झाला," मास्तर म्हणाला.

बाईंनी बर्फासारखा गार बोळा त्या दाताला लावला. मास्तरला काही कळलंच नाही. तोच बोळा शेजारच्या दाताला लावला, तेव्हा तो खुर्चीतून हातभर उडाला.

"हा जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "तो मेलाय."

"कधी?" मास्तरने असं विचारलं, जणू मयतीला जायचं राहून गेलं होतं.

"कधीतरी मार बसला असणार. त्यानंतर लवकरच. दात भरीव नसतो मास्तर. मधून बारीक नळी असते, पार मुळाच्या टोकापर्यंत. तिच्यात नस असते, रक्त असतं. जोराचा मार बसला की ते रक्त बंद पडतं आणि आतलं मरतं. मेलेलं दुखत नाही. तुम्ही त्यालाच बरं झालं म्हणालात."

"म्हंजे तेल..."

"तेलाचा काही संबंध नाही. मेलेलं आत सडत राहिलं आणि ती घाण मुळाच्या टोकातून हाडात उतरली. ही पुळी म्हणजे तिची मोरी. मोरी तुंबली, म्हणून हे तोंड सुजलंय." त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. मुळाच्या टोकाशी हरभऱ्याएवढा काळा डाग होता. "एवढं हाड खाल्लंय. असंच सोडलं तर आणखी खाणार."

अर्ध्या लातूरला आपण मुखेडला धाडलं, हे आठवून मास्तरला रिक्षातून तोंड झाकून घरी जावंसं वाटलं. त्याने डोळे मिटले. "मग उपटा."

"उपटायचं कशाला? मूळ मजबूत आहे. नळी उघडायची, साफ करायची, भरून बंद करायची. घाण गेली की हाड आपलं आपण भरून येतं. रूट कॅनल म्हणतात."

रूट कॅनल हे नाव मास्तरने ऐकलं होतं. 'रूट कॅनलपेक्षा बाळंतपण परवडलं' असं चौकातल्या पानटपरीवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं, त्यांनी दोन्हीतलं काहीच केलेलं नव्हतं. तो रहमतबीकडे बघायला लागला.

"बैठो चुपचाप," ती म्हणाली. "ये दरवाजा भी मयच खोलूं क्या?"

सुई टोचली तेवढंच. बाईंनी दाताला मागच्या बाजूने भोक पाडलं. त्यातून जे बाहेर आलं त्याच्या वासाने मास्तर स्वतःच लाजला, पण चेहऱ्यावरचा दाब असा उतरला की त्याला तिथेच झोप यावी. दुखलं काहीच नाही. मेलेल्या नसेला वर्षानुवर्षं भीत बसलो, हे त्याला आता कळलं. मग बाईंनी केसासारख्या बारीक सळया घेतल्या. एक आत फिरवायची, औषधी पाण्याने धुवायचं, मग तिच्याहून थोडी जाड, पुन्हा धुवायचं.

ते बघता बघता मास्तरचे डोळे विस्फारले. वाजवून झालं की तो रोज दोरीला फडकं बांधून क्लॅरोनेटच्या नळीतून ओढायचा. ओल राहिली की लाकूड सडतं, म्हणून बँडमधल्या पोरांना त्याने आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. एक नळी रोज पुसली, आणि तिच्या तोंडाशी टेकलेल्या दुसऱ्या नळीत पू साठवला! त्याला हे बाईंना सांगायचं होतं. कितीतरी वर्षांनी काहीतरी शहाणपणाचं सुचलं होतं आणि नेमकं तोंड अडकलेलं होतं.

बाईंनी आत औषध ठेवून भोक तात्पुरतं बुजवलं, गोळ्या दिल्या आणि सूज उतरेपर्यंत क्लॅरोनेटला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. पुढच्या खेपेला नळी कोरडी झाल्याची खात्री करून तिच्यात रबरासारखी गुलाबी काडी घट्ट बसवली. आतून रिकामा झालेला दात ठिसूळ होतो, म्हणून शेवटी वरून पांढरी टोपी बसवली. आरशात बघून मास्तर इतका हसला की रहमतबीला बाकीचे दात दिसले आणि ती म्हणाली, आता ते पिवळे वाटायला लागले.

घरी येऊन त्याने क्लॅरोनेट तोंडाला लावलं. त्यातून पायाखाली पिल्लू आल्यासारखं 'चीं' निघालं. पुन्हा फुंकलं, पुन्हा चीं. नव्या टोपीखाली तोंडातली पकडच बदलली होती. प्रत्येक गोष्ट हसण्यावारी न्यायची मास्तरची सवय, पण या वेळी ते जमेना. तो घाबरला, खराखुरा घाबरला. मिरवणूक परवावर आली होती. आणि मिरवणुकीचं सोडा, क्लॅरोनेट गेलं तर उरतो कोण? दोन्ही बाह्या एका बाजूला शिवणारा शिंपी.

बाईंनी त्याचं ऐकून घेतलं. "जबडा मिटला की टोपी बरोबर बसते. पण तुम्ही जबडा मिटून वाजवत नाही ना. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. जा, घेऊन या."

मग दवाखान्याच्या खुर्चीत बसून मास्तरने क्लॅरोनेट वाजवलं. बाईंनी दात आणि क्लॅरोनेट यांच्यामध्ये निळा कागद धरला, टोपीवर ठिपका उमटला तिथे जरासं घासलं आणि म्हणाल्या, "वाजवा." चीं. पुन्हा घासलं. बाहेरच्या बाकावर क्लासची पोरं गाल धरून, मांडीवर पुस्तकं ठेवून बसली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, इलाजात बँड पण धरलाय का. आणि तेवढ्यात सूर लागला. स्वच्छ, भरलेला, मान सरळ ठेवून. मास्तरच्या बोटांनी त्याला न विचारताच ती विसर्जनाची चाल धरली होती. बाई हातातलं यंत्र बंद करून ऐकत राहिल्या.

मिरवणूक भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात निघाली. सरळ रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येक घरावर क्रमांक. गीतांजलीने जीपमध्ये बसायला नकार दिला आणि वडिलांचा हात धरून चालत राहिली. मास्तर पुढे होता. मलप्पा ढोलावरून ओरडला, "मास्तर, सरळ धरलं तर वळखूच येईना!" नव्या देवळापाशी मास्तरने ती चाल घेतली. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मास्तरने डोळे मिटून ती तीनदा वाजवली, कारण विसर्जनाच्या संध्याकाळीही त्यांनी ती तेवढ्याच वेळा वाजवून घेतली होती.

नंतर ओसरीवर चहा घेताना लक्ष्मणराव त्याच्याजवळ येऊन बसले.

"तुमाला वाटलं असंल, इसर्जन वाजवलं म्हणून बोलावलं."

"हाव," मास्तर म्हणाला.

"न्हाई. त्या तंबूतल्या रांगेत तुम्ही माझ्या मागं होता. तोंडातून रगत येत होतं. माझं ऐकलं आन् तुमच्या डोळ्याला पाणी आलं, काही न बोलता निघून गेला. मी गीतूला कायम सांगत आलो, त्या मास्तरचं आपल्यापरीस जास्त गेलं असंल. त्याला नाव बी सांगवलं न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. "इतक्या वर्षांत इचारलं न्हाई. कोण गेलं व्हतं तुमचं?"

'अल्लाची मेहेरबानी' मास्तरच्या जिभेवर आलं होतं, पण या माणसापुढे ते बाहेर पडेना. भाऊ म्हणावं, आई म्हणावं, असंही एक क्षण वाटलं. दोघेही तेव्हा सुखरूप होते.

"दात," तो म्हणाला.

"काय?"

"दात गेला माझा. दाराला आपटलो. दार आत उघडतं ते इसरलो." मग एकदा सुटल्यावर त्याला थांबता येईना. क्लॅरोनेट घेऊन पळालो ते, रहमतबी आठवली नाही ते, मुखेडचं तेल, वाकडी मान, सगळं त्याने सांगून टाकलं. "तुमचं एवढं गेलेलं, आन् मी दात घेऊन रांगेत उभा. लाज वाटली मला."

लक्ष्मणराव हसले नाहीत. ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"लई दुखला का?" त्यांनी विचारलं.

"लई," मास्तर म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एका दातासाठी, इतक्या वर्षांनी.

"मग रांग कामून सोडली? ती दुखणाऱ्याचीच रांग व्हती की."

मास्तरने बोटाने वरचा ओठ उचलला आणि लक्ष्मणरावांना दात दाखवला.